रिकाम्या ओळी

बरेच दिवस काही लिहिलं नाही. गुडघे, पाऊस आणि गणपती अशी तीन कारणं आहेत, त्यातलं कुठलं खरं ते घरच्यांना माहीत आहे. असो.

गणपतीला नातू पुण्याहून आला होता. तो एका कंपनीत नेटवर्कचं काम बघतो. जेवणं झाल्यावर मी आपलं सहज विचारलं, "तू दिवसभर नक्की करतोस तरी काय रे?" तर म्हणाला, "आजी, मी पत्ते वाटतो."

मला वाटलं झालं, पोरगं जुगाराला लागलं! पण त्याचे पत्ते वेगळे. इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर लागतो, त्याला पत्ता म्हणतात. हे पत्ते सुटे मिळत नाहीत. त्यांचे गठ्ठे असतात, आणि कुठला गठ्ठा कुठल्या शाखेला द्यायचा ते हा ठरवतो. निमंत्रणपत्रिकेच्या पाठीमागे त्यानं एक लांब रेघ ओढली. एक फुली डाव्या टोकाला, दुसरी एकदम मधोमध, तिसरी त्या दोघींच्या मध्ये आणि चौथी उरलेल्या अर्ध्याच्या मध्ये. मी म्हटलं, "अरे, शेजारी शेजारी का नाही देत? एवढी जागा मोकळी कशाला सोडतोस?"

"उद्या ते वाढले की त्यांना शेजारीच जागा मिळायला हवी ना, आजी. लांब दिली तर घोळ होतो."

तो झोपायला गेला आणि मी बसले जागी. मला आठवत होता १९७९ सालचा आठवीचा हजेरीपट.

तो किस्सा आधी सांगते. तेव्हा हजेरीपटात मुलं आधी, मुली नंतर, आणि दोन्हीकडे आडनावं अकारविल्हे असा शिरस्ता होता. माझं अक्षर चांगलं, म्हणून जूनमध्ये मी मोठ्या हौसेनं पट लिहून काढला. १ ते ३१ मुलं, ३२ ते ५४ मुली. मध्ये एकही ओळ रिकामी नाही. पान कसं भरगच्च, देखणं दिसत होतं! ऑगस्टमध्ये भुदरगडाकडचा एक मुलगा दाखला घेऊन आला. त्याला मुलांमध्ये ओळच शिल्लक नव्हती, म्हणून मुलींच्या खाली ५५ नंबरला लिहिलं. रोज हजेरी घेताना मुलांची नावं संपायची, मुलींची संपायची आणि मग सगळ्यात शेवटी हा. वर्ग हसायचा. कुणीतरी त्याला 'मुलींच्या मागचा' असं नावही ठेवलं. त्याचं 'हजर' दिवसेंदिवस बारीक होत गेलं. मग तो हजेरी संपल्यावर यायला लागला, आणि मी शिस्तीची बाई, त्याची गैरहजेरी मांडत गेले. वार्षिक परीक्षेनंतर तो दाखला घेऊन गेला. नुसत्या नंबरामुळे गेला असं मी म्हणणार नाही, घरच्या अडचणीही असतील. पण रिकामी ओळ ठेवायचं सुचलं नाही, ही चूक माझी होती.

पुढच्या वर्षी मी मुलांनंतर चार आणि मुलींनंतर चार ओळी कोऱ्या सोडल्या. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, रिकामी ओळ म्हणजे उद्या कुणीतरी खोटं नाव घुसवणार." त्यांचंही चूक नव्हतं. शेवटी त्या ओळींवर पेन्सिलीनं 'राखीव' लिहिलं, त्यांनी सही केली आणि आमची तडजोड झाली.

आता मूळ विषयाकडे येते. नंबर देताना उद्या येणाऱ्याची जागा कशी ठेवायची, या प्रश्नाला एका मराठी माणसानं अख्ख्या देशासाठी उत्तर दिलंय, आणि ते आपण रोज पाकिटावर लिहितो. ते म्हणजे पिनकोड.

श्रीराम भिकाजी वेलणकर (१९१५–१९९९) हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयात मोठे अधिकारी होते आणि संस्कृतातले कवी-नाटककारही. त्यांनी आखलेली सहा आकड्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. अमेरिकेत पाच आकड्यांचा झिपकोड १९६३ सालीच आला होता. पण आपल्याकडची अडचण जास्त बिकट. इतक्या लिप्या, इतकी हस्ताक्षरं आणि वर सारख्या नावांची गावं! आपल्या जिल्ह्यातच बघा. शिरोळ वेगळं, शिरोली पुलाची वेगळी, शिरोली दुमाला वेगळी. कसबा बावडा शहराला लागून आणि गगनबावडा घाटमाथ्यावर. पाकिटावर नुसतं 'बावडा' लिहिलं तर पोस्टमन काय करणार बिचारा? आता एकाचा पिन ४१६००६ आणि दुसऱ्याचा ४१६२०६. फरक एकाच आकड्याचा, पण गोंधळ नाही.

या सहा आकड्यांची गंमत अशी की ते डावीकडून उजवीकडे बारीक होत जातात. पहिला आकडा विभागाचा. आपला ४, म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. पहिले दोन आकडे टपालाच्या सर्कलचे, त्यात महाराष्ट्राला ४० ते ४४. पहिले तीन मिळून टपाल छाननीचा जिल्हा, आणि शेवटचे तीन प्रत्यक्ष पोस्टाचे. माझे एक मामा मिरजेला सॉर्टर होते. समोर खणांचं कपाट आणि हातात पत्रांचा गठ्ठा. ते म्हणायचे, "मला तुझं गाव कुठं आहे ते कळायची गरज नाही, पहिले तीन आकडे दिसले की माझं काम संपलं." दिल्लीतल्या सॉर्टरला गगनबावडा माहीत असण्याचं कारणच नाही. त्यानं ४१६ बघून एका पिशवीत टाकायचं. पुढचं बघायला पुढचे लोक आहेत.

हा टपालाचा जिल्हा सरकारी जिल्ह्याशी जुळेलच असं नाही बरं का! सांगली ४१६४१६, सावंतवाडी ४१६५१०, मालवण ४१६६०६, राजापूर ४१६७०२. म्हणजे घाटाखालच्या मंडळींचाही आकडा कोल्हापूरच्याच घरातला, आणि खुद्द रत्नागिरी मात्र ४१५ मध्ये, साताऱ्याच्या पंगतीला. १९७२ साली सावंतवाडी रत्नागिरी जिल्ह्यात होती. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग जिल्हा झाला, पाट्या बदलल्या, कचेऱ्या बदलल्या, पण पिन तोच राहिला. तिकडे २००० साली छत्तीसगड राज्य झालं, तर त्याच्या वाट्याचे ४९ आकडे आधीपासूनच वेगळे होते. माणसं नकाशे बदलतात, पण चांगला आखलेला नंबर हलत नाही.

आणि रिकाम्या ओळी? त्याही आहेत. कोल्हापूर शहराचे पिन डझनाच्या आसपास आहेत, म्हणजे ४१६००१ पासून राजारामपुरीच्या ४१६००८ वगैरेपर्यंत. त्यानंतरचं ठाणं एकदम जयसिंगपूर, ४१६१०१. मधले ऐंशीहून जास्त नंबर शहराच्या पुढच्या वाढीला मोकळे. मुंबईत ही सोय प्रत्यक्ष कामाला आली. पूर्वीचे 'मुंबई ४', 'मुंबई २८' हे विभाग तसेच ४००००४ आणि ४०००२८ झाले. उपनगरं वाढत गेली तशी नवी पोस्टं आली आणि नंबर शंभराच्या पुढे गेले. कांदिवली पूर्वेला ४००१०१, गोरेगावात ४००१०४. ठाणे सुरूच होतं ४००६०१ पासून, त्यामुळे धक्काबुक्की झाली नाही. मुंबई एवढी फुगली, पण सॉर्टरच्या लेखी अजून ४०० च.

जागा ठेवली नाही की काय होतं तेही आपल्याकडेच बघायला मिळतं. गाड्यांचे नंबर घ्या. कोल्हापूर एमएच ०९, सांगली १०, सातारा ११, पुणे १२. पुढे कऱ्हाडला वेगळं कार्यालय झालं तेव्हा ११ च्या शेजारी जागा कुठली? मिळाला ५०. आता कऱ्हाडची गाडी साताऱ्याकडची आहे हे नंबरावरून समजत नाही, पाठच करावं लागतं. गाडीचं त्यानं काही अडत नाही म्हणा. पण पत्र पोचवायचं असतं तर अडलं असतं.

पिनमधला ९ हा पहिला आकडा लष्करी टपालाला राखून ठेवलाय. सैनिक टाकळीसारख्या गावांना हे सांगायला नको. पलटण आज सियाचीनला, उद्या आसामात, पण घरून पत्र लिहायचं ते लष्करी टपालाच्याच पत्त्यावर. जागा बदलली तरी माणूस सापडतो.

माझ्या बाबतीत मात्र या आकड्यांनी एक वेगळीच जाणीव करून दिली. माझं माहेर निपाणी. १ नोव्हेंबर १९५६ ला निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली, तेव्हा मी लहान होते. घरात बोलणी व्हायची, मोर्चे निघायचे, पण लहानपणी राज्य बदललं म्हणजे काय ते कळत नाही. लग्न होऊन कोल्हापूरला आले आणि आईला पहिलं पत्र लिहिताना पिन टाकला, ५९१२३७. माझा ४ नं सुरू होणारा, आईचा ५ नं. मध्ये अंतर म्हणाल तर चाळीसेक किलोमीटर, कागल ओलांडलं की आलंच. वेलणकरांचा यात काही दोष नाही, त्यांनी समोर होत्या त्या राज्यांप्रमाणे आकडे लावले. पण ज्या दिवशी कुणीतरी रेघ ओढतं, त्या दिवशी रेघेच्या कुठल्या बाजूला आपण आहोत ते कायमचं ठरतं, हे मला त्या पाकिटावर कळलं. आई गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तिचा पिन अजून पाठ आहे.

आता इंटरनेटकडे वळते. नातवानं दोन दिवस शिकवणी घेतली माझी, आणि विद्यार्थिनी चिवट आहे.

सध्याच्या जुन्या पद्धतीचे पत्ते १९८१ साली ठरले. त्यांची एकूण संख्या ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे जवळजवळ ४३० कोटी. ऐकायला भरपूर वाटतात. पण त्याच साली जगाची लोकसंख्या साडेचारशे कोटींच्या आसपास होती. म्हणजे पहिल्याच दिवशी माणशी एक नंबरही पुरत नव्हता! आखणाऱ्यांपैकी एक, व्हिंट सर्फ, यांनी पुढे सांगितलं की हा आपण एक प्रयोग समजत होतो. पण प्रयोग संपलाच नाही, त्याचंच जग झालं.

कुणाला कुठले नंबर दिले याची यादी सुरुवातीला जॉन पोस्टेल नावाचे गृहस्थ ठेवत. (नाव बघा कसं जमलंय!) तेव्हा वाटपाचे मुख्य तीन साचे होते. मोठा १ कोटी ६७ लाखांचा, मधला ६५,५३६ चा आणि लहान २५६ चा. ज्या संस्थेकडे तीनशे संगणक तिला लहान पुरत नाही, म्हणून मधला द्यायचा आणि उरलेले पासष्ट हजार पडून राहायचे. मोठे गठ्ठे आयबीएम, ॲपल, फोर्ड अशा कंपन्यांना आणि एमआयटीसारख्या विद्यापीठाला गेले. एकेकाला पावणेदोन कोटींच्या आसपास. स्टॅनफर्ड विद्यापीठानं मात्र २००० साली आपला मोठा गठ्ठा परत केला, हे मुद्दाम सांगायला हवं. एमआयटीनं २०१७ मध्ये आपल्यातले निम्मे विकायला काढले. १९९३ पासून साचे मोडून गरजेप्रमाणे वाटप सुरू झालं खरं, पण तोवर पुढच्या पंगतीनं पानं वाढून घेतली होती.

आपण कधी आलो? भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. तारीख बघा, पिनकोडचीच! आपल्याकडचं वाटप आशिया-पॅसिफिकच्या ॲपनिक या संस्थेकडून होतं, तिचं कार्यालय ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला आहे. २०१२ पासून भारतात आयरिन नावाची आपली शाखा ते काम बघते. ३ फेब्रुवारी २०११ ला जगाच्या मध्यवर्ती कोठारातले शेवटचे पाच मोठे गठ्ठे पाच खंडीय संस्थांना देऊन झाले आणि कोठार रिकामं झालं. त्याच वर्षी १५ एप्रिलला आशियाची कणगी सगळ्यात आधी तळाला गेली. माणसं इथंच जास्त ना! त्यानंतर नव्या संस्थेला आधी फार तर १,०२४ पत्ते आणि पुढे ५१२. आज अमेरिकेकडे दीडशे कोटींहून जास्त जुने पत्ते आहेत, आणि एकशे चाळीस कोटींच्या भारताकडे जेमतेम चार कोटी. आपण ५५ नंबरचे, मंडळी. उशिरा दाखला घेऊन आलेले.

मग आपलं चालतं कसं? वाड्यासारखं. दिंडीवर एकच नंबर आणि आत वीस बिऱ्हाडं. पत्र दिंडीपर्यंत येतं, मालक आत वाटतो. मोबाईल कंपन्या असाच एक पत्ता कितीतरी ग्राहकांत वाटून देतात. सोय आहे, पण एका बिऱ्हाडानं आगळीक केली की बाहेरचे लोक अख्ख्या वाड्यावर बहिष्कार घालतात.

पत्ते तुकड्या-तुकड्यांनी वाटल्याचा आणखी एक त्रास आहे, आणि इथं मामांचं कपाट पुन्हा आठवतं. जगभरच्या मोठ्या चौकातल्या यंत्रांना कुठला गठ्ठा कुठल्या वाटेला पाठवायचा याची यादी बाळगावी लागते. वाढीव नंबर शेजारचे असले तर एकाच ओळीत भागतं. कऱ्हाडसारखे लांबचे असले तर प्रत्येक तुकड्याला वेगळी ओळ. १२ ऑगस्ट २०१४ ला ही यादी पाच लाख बारा हजारांच्या पुढे गेली आणि काही जुन्या यंत्रांची स्मरणशक्तीच संपली, ठिकठिकाणी इंटरनेट अडखळलं. आज ही यादी दहा लाखांच्या घरात आहे. सॉर्टरला दहा लाख खण!

नव्या पद्धतीचे पत्ते आलेत त्यांची संख्या लिहायची तर ३९ आकडे लागतात. पण शहाणपण नुसत्या संख्येत नाही, वाटण्याच्या रीतीत आहे. ऑक्टोबर २००६ मध्ये पाचही खंडीय संस्थांना एकेक भलंमोठं सलग रान मिळालं. त्यात इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला देण्याजोगे नेहमीचे गठ्ठे दहा लाखांवर बसतात. मग वाटप सुरू झालं ते नातवाच्या त्या रेघेसारखं. वर्गात सोळा बाक आहेत असं समजा. पहिला मुलगा पहिल्या बाकावर, दुसरा नवव्यावर, तिसरा पाचव्यावर, चौथा तेराव्यावर. उद्या कुणाचा भाऊ आला तर त्याला दादाच्या शेजारीच बसता येतं, आणि बाईंना दोघांसाठी एकच हाक पुरते. हे नवे पत्ते वापरण्यात भारत जगात पुढच्या रांगेत आहे. जुने मिळालेच नाहीत, म्हणून नव्यांकडे लवकर जावं लागलं. उशिरा आलेल्याला कधी कधी असाही फायदा होतो.

मुख्याध्यापकांची शंका मात्र इथंही आहेच. रिकामं ठेवायचं तर त्याचा हिशेब हवा. ज्यांनी कोट्यवधी नंबर नुसते दाबून ठेवले त्यांनीही जागा रिकामीच ठेवली होती, पण ती स्वतःसाठी. आमच्या हजेरीपटावरचा पेन्सिलीचा 'राखीव' शब्द न आलेल्या मुलासाठी होता. रिकामेपण तेच, पण एकात दुसऱ्याचा विचार आहे.

मे २०२५ मध्ये टपालखात्यानं डिजिपिन आणला. साधारण चार मीटर लांब आणि चार मीटर रुंद अशा प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-अंकांचा नंबर. कुणी राहो न राहो, डोंगर असो की उसाचं शिवार, नंबर आधीच तयार आहे. वाटायची गरज नाही आणि संपायची भीती नाही. नातवानं आमच्या अंगणाचा काढून दाखवला. मी म्हटलं, निपाणीच्या घराचा काढ. घर पाडलंय, तिथं आता दुसऱ्याच कुणाची इमारत आहे, पण चौकोन सापडला. ४ आणि ५ असा भेद नाही, नुसती अक्षरं आणि आकडे. बरं वाटलं, का ते सांगता येत नाही.

तो भुदरगडचा मुलगा आज साठीत असेल. कुठं असतो मला ठाऊक नाही. नोकरीची शेवटची बावीस-तेवीस वर्षं मी दर जूनला पट लिहिताना ओळी सोडत होते. कधी त्या भरल्या, कधी मार्चपर्यंत कोऱ्याच राहिल्या. कोऱ्या राहिल्या म्हणून वाईट वाटलं नाही.

तुमच्याकडेही अशी एखादी रिकामी ओळ असेल, सोडलेली किंवा सोडायची राहून गेलेली, तर जरूर कळवा.